दुखण्याचा पुरावा

माझ्याकडे पहिल्यांदा येणारी माणसं बहुधा फाइल घेऊन येतात. जाडजूड, कोपरे दुमडलेली फाइल. तिच्यात एमआरआयचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, हाडांच्या डॉक्टरांची पत्रं, संधिवाताच्या डॉक्टरांची पत्रं, घेऊन सोडून दिलेल्या गोळ्यांची यादी. कुणी सुट्टीत भारतात गेल्यावर तिथे काढून घेतलेली फिल्मही सोबत आणतं. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ही फाइल माझ्या पुढ्यात सरकवली जाते आणि पाठोपाठ वाक्य येतं, "मी खोटं बोलत नाहीये."

मी तोवर काही विचारलेलंही नसतं. पण आधी कुणीतरी विचारलेलं असतं. कधी डॉक्टरांनी, कधी कामावरच्या साहेबांनी, कधी भत्त्याच्या फॉर्मने, आणि फार वेळा घरच्याच माणसाने. "काल तर चांगली हिंडत होतीस, आज एकदम काय झालं?"

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, एका आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमची पेन सर्व्हिस, म्हणजे जुनाट दुखण्यांवरची उपचारसेवा, चालते. खाली औषधांचं दुकान, रक्त तपासायला आलेल्यांची रांग, बाळांचं वजन करून घ्यायला आलेल्या आया. मोठ्या हॉस्पिटलात न जाता घराजवळच्या बसने येता यावं म्हणून ही सेवा वस्तीत आणली, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्याला उभं राहणंच जड जातं त्याच्यासाठी दोन बस बदलणं म्हणजे दिवसभराची शिल्लक ताकद तिथेच संपणं. लिफ्ट बंद पडली की आमचे निम्मे पेशंट खालीच अडकतात. मग आम्ही खालच्या मजल्यावर कुणाची तरी खोली मागून घेतो. आमची तुकडी लहान आहे. फिजिओ, रोजची कामं जमवायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वेदनेचं खास शिक्षण घेतलेली नर्स, अधूनमधून येणारे कन्सल्टंट, आणि मी.

पुढे जी माणसं येतील ती कुणा एकाची हुबेहूब नाहीत. अनेकांचे तपशील एकमेकांत मिसळून, ओळख पटू नये असं करून लिहिलं आहे. या कामात विश्वास हीच खरी पुंजी असते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात क्रॉनिक म्हणतात. आमच्यापर्यंत पोचणाऱ्यांचा हिशेब वर्षांत असतो. आधी जीपी, म्हणजे वस्तीतले नेहमीचे डॉक्टर, मग फिजिओ, मग हाडांचे डॉक्टर, मग इंजेक्शनं, कुणाची एखादी शस्त्रक्रिया. सगळ्यांनी हात टेकले की शेवटच्या पत्रात एक ओळ येते, शस्त्रक्रिया करण्याजोगं काही नाही, पेन सर्व्हिसकडे पाठवत आहोत. आणि तिथे गेल्यावर समोर बसते सायकॉलॉजिस्ट. "म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ?" हा प्रश्न मी इंग्रजीत ऐकला आहे, गुजरातीत आणि पंजाबीत ऐकला आहे, आणि मराठीतही. प्रत्येक वेळी त्यात राग असतो. तो राग मला रास्त वाटतो. इतकी वर्षं दुखणं अंगावर काढून शेवटी कुणी 'तुमचं मनच तपासायचं राहिलंय' असं सुचवलं, तर मलाही राग येईल.

म्हणून पहिल्या भेटीत मी फाइल बाजूला ठेवते आणि सांगते की तुम्हाला दुखतं हे मी मानते, त्यासाठी कागद दाखवायची गरज नाही. हे काही मी मनाच्या मोठेपणाने करत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपांमध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. एक, इजेचा संदेश मज्जातंतूंतून जाणं आणि वेदना होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी, माणूस 'मला दुखतं' असं सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आमच्या खोलीतलं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं आहे.

पहिलं वाक्य पचायला जास्त अवघड. दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडलंय, फाटलंय, झिजलंय, असंच आपण लहानपणापासून धरून चालतो. गुडघा फुटला की दुखतो, त्यामुळे ते धरून चालणं बहुतेक वेळा बरोबरही ठरतं. पण दुसऱ्या महायुद्धात, इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर, हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांना उलटंच चित्र दिसलं. भयंकर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनाशामक हवं का असं विचारलं, तेव्हा हो म्हणणारे सुमारे एक-चतुर्थांशच निघाले. जखम होती, आणि आपण जिवंत आहोत, आता आघाडीवरून सुटका होणार, हेही त्यांना कळलेलं होतं. पुढे १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच या संदेशांना एक दार असतं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते दार उघडतात किंवा लोटतात. त्या सिद्धांताचे तपशील नंतर बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. वेदना शरीरातून मेंदूकडे एकाच वाटेने जात नाही. झोप, भीती, एकटेपणा, पूर्वी सोसलेलं, उद्याच्या भाड्याची काळजी, हे सगळं त्या दाराशी हजर असतं.

हे मी माझ्या परीने समजावत असे. पण सर्वांत नेमकं सांगितलं ते एका ट्रकचालकाने. पन्नाशीतला गोरा, मोठ्या हातांचा माणूस. पाठीची शस्त्रक्रिया होऊनही दुखणं राहिलं, आणि गोळ्यांच्या गुंगीत ट्रक चालवणं शक्य नव्हतं, म्हणून काम गेलं. तो म्हणाला, "माझ्या एका ट्रकचा इंजिनाचा लाल दिवा सारखा लागायचा. गॅरेजवाल्यांनी इंजिन तीनदा उघडलं. इंजिन ठणठणीत होतं, सेन्सरच फार हळवा झाला होता. पण दिवा लागायचा तो खराच लागायचा ना?" आमच्या पेशंटच्या गटातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मी हे उदाहरण वापरते, त्याची परवानगी घेऊन.

पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला एक तरुण होता. आयटीतला, पस्तिशीच्या पुढचा. तो आत आला, मी नाव सांगितलं आणि आम्ही दोघं आपसूक मराठीवर आलो. शहरातले मराठी लोक एकमेकांना ओळखतात, म्हणून मी पहिल्यांदाच सांगून टाकलं, "गणपतीत कुठे भेट झाली तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही होऊन बोललात तरच बोलेन, आणि इथलं काहीच बोलणार नाही." त्याचे खांदे तेव्हा कुठे खाली आले. घरी कुणाला माहीत नव्हतं. आईला तर नाहीच.

त्याच्या कमरेचं दुखणं जुनं. पुण्यात एमआरआय झाला होता, त्यात 'एल फोर-एल फाइव्ह, डिस्क बल्ज' असं होतं, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली. तिथे कुणी सांगितलं गादी सरकलीय, कुणी सांगितलं नस दबलीय, एकाने सांगितलं मणक्यात गॅप पडलाय, आता जन्मभर सांभाळूनच राहायचं. तो सांभाळून राहिला. पट्टा लावून झोपायचा. जमिनीवर बसणं बंद, वाकणं बंद. मुलगी चार वर्षांची. तिला उचलून घेतल्याला दोन वर्षं झाली होती. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन काढले तर काय दिसतं, याचा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक माणसं, कुणालाच दुखणं नाही. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. गादी फुगल्याचं विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे केस पिकावेत तसं बरंच काही आत वयानुसार होत असतं. हे आकडे मी त्याला दाखवले. तो इंजिनिअर माणूस, आकडे त्याला आवडले. पण आकड्यांनी भीती जात नाही. भीती अंगात बसलेली असते, ती अंगानेच काढावी लागते.

म्हणून फिजिओ आणि मी मिळून त्याच्याबरोबर काम केलं. तिने आधी काळजीपूर्वक तपासून घेतलं. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं अशा धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री केली. ती तपासणी झाल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. मग जमिनीवर एक पेन ठेवलं. उचलायच्या आधी कागदावर लिहायचं, काय होईल असं वाटतं? त्याने लिहिलं, "कट्ट आवाज येईल आणि मी वर येऊ शकणार नाही." वाकला. दुखलं. वर आला. पुढच्या वेळी चपला, मग किराण्याच्या दुकानातली पाच किलो तांदळाची पिशवी. आठवड्यांमागून आठवडे. दर वेळी आधीचं भाकीत आणि नंतरची हकीकत शेजारी शेजारी लिहायची. पट्टा कधी सुटला ते त्यालाही नक्की सांगता आलं नाही. मुलीला त्याने घरी उचललं, आमच्यासमोर नाही, आणि ते मला बरोबर वाटलं. दुखणं त्याला अजूनही आहे. लांबच्या प्रवासानंतर तर चांगलंच असतं.

शेवटच्या भेटीत त्याने आईचा विषय काढला. साताऱ्याजवळ राहतात, गुडघे गेलेत म्हणतात. मांडी घालून बसता येत नाही म्हणून भजनाला जाणं सोडलं. गोळ्या चालू आहेत, एक इंजेक्शन झालं. "त्यांना खुर्चीत बसून भजन म्हणता येणार नाही का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मीही तेच म्हटलं. ती म्हणते, बायका म्हणतील बरी चालत तर येते, मग खुर्ची कशाला, मोठेपणा?" इतक्या लांब साताऱ्यातही तेच. चालता येतं, तर बसताही आलं पाहिजे. बसता येत नसेल, तर चालणं संशयास्पद. आपल्याकडे मोठ्या शहरांत पेन क्लिनिक्स आहेत, बहुतेक भूलतज्ज्ञ चालवतात, इंजेक्शनं आणि प्रोसिजर उत्तम करतात. पण फिजिओ आणि सायकॉलॉजिस्ट एका खोलीत बसून एका पेशंटचा विचार करत आहेत, असं चित्र तिथे विरळा. मी त्याला सांगितलं, गुडघ्यांच्या डॉक्टरांना दाखवत राहा, पायांच्या स्नायूंचे व्यायाम एखाद्या फिजिओकडून शिकवून घ्या, आणि खुर्ची तुम्हीच गावी गेल्यावर देवळात नेऊन ठेवा, सगळ्यांदेखत.

लेस्टरमध्ये कंबर-मान-खांद्यांच्या दुखण्याला इतिहास आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला लावलं. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, इकडे येऊ नका अशी. लोक तरीही आले, होजिअरीच्या कारखान्यांत लागले, आणि आज बेलग्रेव्ह रोड या रस्त्यावरची दिवाळी हे शहर अभिमानाने मिरवतं. त्या कारखान्यांत ओव्हरलॉक मशीनवर मान खाली घालून वर्षानुवर्षं बसलेल्या बायका आता सत्तरीत आहेत. त्यातल्या एक माझ्याकडे आल्या. सोबत सून.

कुटुंबातल्या माणसाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. सुनेला ते लागलं. "मी आहे ना, मला त्यांचं सगळं माहीत आहे." पहिली दहा मिनिटं ती बसली, आणि त्या दहा मिनिटांत सासूबाईंनी फक्त खांदे दाखवले. मग सून बाहेर गेली, दुभाषी बाई आल्या, आणि काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेन, माझा हात डोक्यापर्यंत जात नाही. वेणी घालता येत नाही म्हणून मी केस कापले. घरात सांगितलं, फॅशन केली." सुनेला कळलं तर ती वेणी घालून देईल, मग आंघोळ घालायला येईल, मग स्वयंपाकघरातून हाकलेल, असा त्यांचा हिशेब होता. दुखणं सिद्ध करण्याचा जसा एक जाच असतो, तसा लपवण्याचाही असतो. एकच बाई दोन्ही करते. डॉक्टरांपुढे सिद्ध करते, घरात लपवते.

त्यांना हवं होतं ते एवढंच, देवळापर्यंत पायी जाणं. बऱ्या दिवशी त्या एका दमात जाऊन यायच्या, येताना भाजी घ्यायच्या, घरी येऊन तीस पोळ्या लाटायच्या, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. आमच्या कामाचा मोठा भाग हा चढउतार मोडण्यात जातो. बऱ्या दिवशी थांबायचं, वाईट दिवशी थोडंसं करायचं. ऐकायला सोपं आहे. पण जिने डझनाच्या हिशेबाने मजुरी घेतली, जिला थांबलेल्या मिनिटाचे पैसे कधी मिळाले नाहीत, तिला अर्धं काम टाकून बस म्हणणं म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या अब्रूलाच हात घालणं. आम्ही पोळ्यांपासून सुरुवात केली. दहा लाटायच्या, मग बसायचं, उरलेल्या सुनेने लाटायच्या. देऊळ नंतर आलं. वाटेतल्या बसस्टॉपवरची बाकं आम्ही नकाशावर मांडली.

आमच्या गटाचे वर्ग आठवड्यातून एकदा असतात. तिथे वेदनेचं शरीरशास्त्र असतं, हलकी हालचाल असते, झोप असते, दुखणं उसळलं तर काय करायचं याचा कागद असतो. या मानसोपचारांचा उपयोग किती, हे लपवण्यात अर्थ नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ७५ अभ्यास आणि नऊ हजारांवर माणसं होती. सर्वांत जास्त तपासलेल्या उपचाराचा, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीचा, परिणाम लहान निघाला. वेदनेवर लहान, हालचालीवर लहान, मनाच्या त्रासावरही लहान. हे मी पेशंटना सांगते. इथे येऊन दुखणं जाईल असं वचन मी देत नाही. गोळ्यांची कथाही काही वेगळी नाही. इंग्लंडच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर, ज्या जुनाट वेदनेमागे दुसरा आजार सापडत नाही तिच्यासाठी अफूजन्य औषधं, नसांच्या दुखण्यावर देतात ते गॅबापेंटिन, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. वर्षानुवर्षं त्या गोळ्यांवर असलेल्यांना हे ऐकून पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. 'तुम्हीच दिल्यात ना?' त्यांचं म्हणणं खरं आहे. आमची नर्स त्यांच्याबरोबर महिनोन्‌महिने, एकेक पायरीने, त्यांच्या संमतीने डोस उतरवते, आणि ते काम मला कुठल्याही शस्त्रक्रियेइतकं कौशल्याचं वाटतं.

सरासरीत लहान दिसणारा परिणाम एखाद्याच्या घरात केवढा असतो, ते मी रोज पाहते. पण तो टिकतो की नाही हे आमच्या खोलीबाहेर ठरतं. इथे पुन्हा ट्रकचालक येतो.

इथे अपंगत्वासाठी पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे. त्यातल्या चालण्याच्या भागात २० मीटरच्या पुढे चालता येतं की नाही ही मोठी रेघ आहे. आम्ही त्याला आठवडाभर विचारत होतो की काय काय जमलं, आणि फॉर्म विचारत होता की काय काय जमत नाही. भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यापर्यंत तो काठी घेऊन जाऊ लागला होता. गटात त्याने ते सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सत्र संपल्यावर तो मागे थांबला. "हे माझ्या नोंदीत लिहाल का? शेजारच्या कुणी फोटो काढला तर?" त्यानंतर दोन आठवडे तो वाफ्याकडे गेलाच नाही. अमेरिकेतले संधिवाततज्ज्ञ नॉर्टिन हॅडलर यांनी १९९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की ज्याला आपलं आजारपण सिद्ध करत राहावं लागतं, त्याला बरं होता येत नाही. मी हे तेव्हा डोळ्यांसमोर घडताना बघत होते. एक सशक्त, प्रामाणिक माणूस भत्त्याचे पैसे जाऊ नयेत म्हणून स्वतःला खुर्चीत बांधून घालत होता. त्याला कुणी ढोंगी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही.

त्याचा अर्ज नामंजूर झाला. अपिलासाठी त्याने मला पत्र मागितलं. अशी पत्रं लिहिणं माझ्या कामाच्या वेळापत्रकात कुठे बसत नाही, पण मी लिहिते. कायद्यात एक कलम आहे, फार थोड्या अर्जदारांना माहीत असलेलं. एखादी गोष्ट 'येते' असं तेव्हाच धरायचं, जेव्हा ती सुरक्षितपणे, पुरेशी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते, आणि तीही निम्म्याहून जास्त दिवस. मी त्याच्यासमोर बसून मसुदा केला. वाफ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, वाटेत किती वेळा थांबतो, दुसऱ्या दिवशी काय होतं, जिना कसा उतरतो. वाफ्याचा उल्लेख ठेवायचा की गाळायचा हे मी त्याच्यावर सोडलं. तो बराच वेळ काठीची मूठ फिरवत राहिला. मग म्हणाला, "लिहा. घेवडा लावलाय तेही लिहा. आणि तो तोडायला मुलगा येतो, तेही."

तसंच लिहिलं. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे.